उरलेल्या गोळ्या

चाचणीची जड फ्रेम नाकावर चढवून बसलेल्या गृहस्थांच्या उजव्या डोळ्यापुढचं भिंग त्याने बदललं, "हे बरं की मघाचं?" असं विचारलं, आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. गिऱ्हाईक खुर्चीत असताना तो सहसा फोन घेत नसे. आज का कोण जाणे, घेतला. पलीकडून पोलीस स्टेशनातला हवालदार बोलत होता. आवाज साधा, किंचित कंटाळलेला. त्याने एक नाव घेतलं आणि हा माणूस तुमच्याकडे कामाला होता का, असं विचारलं. नाव ओळखीचं वाटेना. नाही म्हणून टाकणार, इतक्यात हवालदार म्हणाला की आजारी माणसांची सेवा करतो म्हणतोय, तुमच्या वडिलांकडे होता म्हणतोय. म्हणजे मामा; घरात सगळे त्यांना एवढंच म्हणत. जो माणूस चार महिने आपल्या घरात राहिला, ज्याने आपल्या बापाला उचलून आंघोळ घातली, त्याचं नाव आपल्याला ठाऊक नव्हतं, हे त्याला त्या अंधाऱ्या खोलीत, भिंतीवरच्या उजळ अक्षरांकडे बघत असताना कळलं. हो, होते, तो म्हणाला. मग हवालदाराने सांगितलं की सकाळी बसथांब्यावर झडती चालू होती, मामांच्या पिशवीत गोळ्या सापडल्या, साध्या नव्हेत, अमली पदार्थांच्या यादीतल्या. डॉक्टरची चिठ्ठी नाही, काही नाही. म्हणतात पिशवी साहेबांनी दिली. दिलीत का?

"पिशवी मीच दिली," तो म्हणाला. "पण आत काय काय होतं ते मी पाहिलं नाही. सगळं तेच भरत होते."

हवालदार बरं म्हणाला, लागलं तर बोलावू म्हणाला, आणि फोन बंद झाला. खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, "मघाचं बरं होतं." त्याने मघाचं भिंग परत लावलं. खालच्या ओळीतली अक्षरं वाचायला सांगून तो ऐकत राहिला, चुकलेल्या अक्षरालाही हूं हूं करत राहिला, आणि मनात आपलीच दोन वाक्यं उलटीपालटी करत राहिला. पहिलं, पाहिलं नाही हे, भीतीने सुटलं होतं. भीतीने माणूस काय वाटेल ते बोलतो, ते समजण्यासारखं आहे. पण दुसरं? सगळं तेच भरत होते. हे कुणी विचारलं होतं? पहिल्या वाक्याने त्याने स्वतःचे हात झटकले होते, दुसऱ्याने ते मामांच्या अंगाला पुसले होते. आणि पिशवी तर त्याने स्वतः भरली होती. नाना, म्हणजे वडील, गेल्यावर त्यांच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी उकिडवं बसून, मामा स्वयंपाकघरात स्वतःसाठी चहा टाकत असताना. कापूस, मलम, पाठीला लावायची पावडर, न उघडलेल्या लघवीच्या पिशव्या, मोठ्या माणसांचे लंगोट, रबरी हातमोज्यांचं खोकं. या लोकांच्या धंद्यात असंच चालतं. एक पेशंट गेला की त्याचं उरलंसुरलं पुढच्या पेशंटकडे जातं. नानांना भरवायची चोचीची वाटीसुद्धा मामांनी आपल्या आधीच्या पेशंटकडून आणली होती, त्या पेशंटला ते फुफ्फुसवाले आजोबा म्हणत. प्रत्येक पेशंटला असं नाव होतं. मूत्रपिंडवाल्या आजी, मणकेवाले साहेब. नाना मात्र आजारावरून नव्हे, नोकरीवरून ओळखले गेले. नाना वजनमापांचे इन्स्पेक्टर होते, आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासत हिंडलेले, म्हणून मामा त्यांना लाडाने काटेवाले नाना म्हणत, आणि नानांना ते आवडे. तर हातमोज्यांचं खोकं त्याने उघडलं, वरचे हातमोजे काढले, तळाशी गोळ्यांची चपटी पाकिटं एकावर एक ठेवली, वर हातमोजे परत घातले, खोकं बंद केलं आणि पिशवीची गाठ स्वतःच्या हाताने मारली. पाहिलं नाही म्हणे. इतकं निरखून त्याने आयुष्यात दुसरं काही पाहिलं नसेल.

गृहस्थांचा नंबर उतरवून त्यांना काउंटरवरच्या बाईंकडे सोपवलं आणि तो रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत वकीलबाईंकडे गेला. त्यांचे चष्मे तोच करायचा. पहिल्यांदा जेव्हा दूरचं आणि जवळचं एकाच काचेत करून दिलं, तेव्हा आठवडाभर त्या जिना उतरताना त्याच्या नावाने खडे फोडत होत्या आणि नंतर शेजारच्या सगळ्या वकिलांना त्याच्याकडे धाडत होत्या. खोली लहान, टेबलावर फायलींचे ढीग, खिडकीत एक मरायला टेकलेलं झाड. एका ओळखीच्या माणसाचं विचारायचंय, असं तो म्हणाला तशा त्या हसल्या आणि म्हणाल्या की इथे येणारा प्रत्येकजण ओळखीच्या माणसाचंच विचारायला येतो, बसा. त्याने सांगितलं, अर्धंमुर्धं. पेशंट वारला, त्याच्या दुखण्याच्या गोळ्या उरल्या, त्या सेवा करणाऱ्या माणसाच्या पिशवीत सापडल्या. वकीलबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पदराने पुसू नका, चरे पडतात, हे त्याच्या ओठावर आलं आणि विरलं.

त्यांनी समजावून सांगितलं ते स्वच्छ होतं, आणि स्वच्छ होतं म्हणूनच भयंकर होतं. या कायद्यात सगळं ताब्यावर आहे. वस्तू कुणाची, कुणी विकत आणली, हे नंतर. ती सापडली तेव्हा कुणाच्या ताब्यात होती, हे आधी. ताबा म्हणजे नुसतं हातात असणंही नव्हे. हातात आहे आणि काय आहे ते माहीत आहे, दोन्ही पाहिजे. मग त्या माणसाला माहीतच नव्हतं तर, त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, तिथेच तर मेख आहे. बाकीच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सिद्ध करायचं असतं. इथे उलटं आहे. ज्याच्याकडे सापडलं त्याला माहीत होतं असंच धरून चालतात. मला माहीत नव्हतं, हे त्याने सिद्ध करायचं. आता बंद पिशवी स्वतःच्या खांद्यावर असताना माहीत नव्हतं हे गरीब माणूस कसं सिद्ध करणार? पिशवी भरणाऱ्याने सांगितलं तरच. आणि मग वजन. थोडं असेल तर थोडक्यात सुटतो, जास्त असेल तर वर्षं जातात, जामीनही मिळत नाही. आणि गोळीतल्या औषधाचं वजन नाही धरत बरं का, अख्ख्या गोळीचं धरतात, खडू-पिठासकट. वजन म्हटल्यावर त्याला नाना आठवले, दुकानदाराच्या पारड्याखाली बोट घालून चिकटवलेलं मेण शोधणारे.

"आणि गोळ्या ज्याने दिल्या, त्याचं काय?" त्याने विचारलं.

"देणंही गुन्हाच. चिठ्ठी पेशंटच्या नावाची. पेशंट गेला, चिठ्ठी संपली. उरलेलं हॉस्पिटलात परत करायचं असतं, ते मोजून घेतात. तसं न करता कुणाला दिलं, तर देणाऱ्यावरही येतं." चष्मा परत चढवून त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या ओळखीच्या माणसाची वकील म्हणून विचाराल तर मी म्हणेन, गप्प बसा. नुसती चष्मा करून घेणारी बाई म्हणून विचाराल, तर विचारू नका."

त्याने विचारलं नाही. जिना उतरून रस्त्यावर आला तेव्हा ऊन चढलं होतं आणि दुकानात परत जायचं त्याच्या जिवावर आलं. तो उलट दिशेला चालू लागला, म्हणजे पोलीस स्टेशनाच्या दिशेला, पण पोलीस स्टेशनला जायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. मोजून घेतात. हेच शब्द हॉस्पिटलात खिडकीमागच्या नर्सने म्हटले होते. वेदनांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला बसवून सगळं समजावलं होतं: दुखायची वाट बघायची नाही, चार-चार तासांनी द्यायची, रात्रीही उठवून द्यायची. सवय लागेल का, त्याने विचारलं होतं. सवय लागायला पुढे आयुष्य लागतं, त्या शांतपणे म्हणाल्या होत्या. आणि मग खिडकीत नर्सने पाकिटं सरकवताना सांगितलं, उरल्या तर फेकू नका, कुणाला देऊ नका, इथे आणा, मोजून घेतो. त्याने मान डोलवली होती. तेव्हा त्या वाक्यात भिण्यासारखं काही नव्हतं. नाना गेल्यानंतर मात्र तेच वाक्य ड्रॉवरजवळ उभं राहिलं. किती दिल्या होत्या आणि किती उरल्या, यांची वजाबाकी खिडकीमागची ती पोर एका नजरेत करेल. मान वर करून म्हणेल, इतक्या कशा उरल्या? त्या एका प्रश्नाला भिऊन तो ड्रॉवर उघडायचा आणि बंद करायचा. संडासात टाकून पाणी सोडावं असंही वाटलं, पण नानांच्या घरात, नानांच्या गोळ्या, अशा? धाडस झालं नाही. त्याला त्या फक्त घराबाहेर जायला हव्या होत्या. कुणीतरी दुसऱ्याने न्यायला हव्या होत्या. करून सवरून नामानिराळं राहायचं असलं की माणसाला पिशवीची गाठ बरोबर मारता येते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं, पण त्याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं. पोळलं होतं ते नानांचं. नानांचा धाकटा भाऊ, काका, त्यांच्याच घरात राहायचा. हसतमुख, हाताला चव असलेला, पत्त्यांत लबाडी करून मुलांना जिंकू देणारा माणूस. कसल्याशा ऑपरेशननंतर त्याला सुया टोचून घ्यायची चटक लागली. ऑपरेशनची जखम भरली, चटक राहिली. घरातल्या वस्तू जायला लागल्या, आधी लहान, मग मोठ्या. शेवटी एके दिवशी नानांचा सरकारी वजनांचा संच गेला, पितळेची चकचकीत वजनं, पेटीतल्या मखमलीत बसवलेली, आणि त्या दिवशी नानांनी दाराला आतून कडी घातली. काका बाहेर जिन्यावर बसला होता. शिव्या देत नव्हता, दार वाजवत नव्हता. नुसता म्हणत होता, दादा, एकदाच. तो स्वतः तेव्हा शाळेत जाणारा पोरगा, आणि त्याला आठवतं ते हे की नानांनी त्याचा दंड घट्ट धरला होता, इतका की वळ उठले, आणि ते म्हणत होते, "उघडायचं नाही. दया आली तरी उघडायचं नाही." ताई, त्याची मोठी बहीण, आतल्या खोलीत कानावर उशी घेऊन पडली होती. काका कुठल्यातरी दुसऱ्या गावात मेल्याचं पुढे कळलं. त्यानंतर नानांनी कधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतली नाही. सुई न टोचता दाढ काढून घेतली, ही गोष्ट घरात पाहुण्यांना सांगायची गोष्ट झाली होती. या माणसाला आपण ही गोळी द्यायची? पहिल्या दिवशी पाकीट फोडताना त्याच्या दंडावर ती जुनी बोटं रुतली होती.

तरी सुरुवातीला त्याने दिल्या, वेळेवर दिल्या. नाना शांत झोपू लागले. पण जागे झाले की वेगळेच दिसायचे, ओठांच्या कडा सैल, डोळ्यांत ओल, आणि एकदा दाराकडे बघून ते हसले आणि म्हणाले, "ये, आत ये." दारात कुणी नव्हतं. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. ते काकाचं हसू होतं. नानांनी जन्मभर जे दाराबाहेर ठेवलं, ते आपण चार-चार तासांनी पाण्याच्या घोटाबरोबर आत घेतोय, असं त्याला वाटलं. नाना नानांसारखेच जायला हवेत, ताठ, कुणाकडे न मागता, असं त्याने ठरवलं. नानांना विचारलं नाही. रात्रीची गोळी आधी बंद केली. मग दुपारची. मग सकाळची अर्धी केली. दुखणं वाढत होतं आणि तो माप कमी करत होता. मापात पाप करणाऱ्यांना पकडण्यात ज्या माणसाचा जन्म गेला, त्याला त्याच्याच मुलाने कमी मोजून दिलं. मामा दोनतीनदा म्हणाले, साहेब, फार कण्हतायत, त्या गोळ्या होत्या ना? त्याने सांगितलं, संपल्या. हॉस्पिटलात साठा नाही, मी रोज विचारतोय, मिळतच नाहीत. मामांनी विश्वास ठेवला. या औषधांची मारामार त्यांनी दुसऱ्या घरांत पाहिली होती. ते मग नानांचे पाय चोळत बसायचे आणि मणकेवाल्या साहेबांच्या बायकोचे किस्से सांगायचे, आणि नाना दात आवळून ऐकायचे.

पण नाना ताठ राहिले नाहीत. दुखण्यापुढे कुणी ताठ राहत नाही, एवढं त्याला तेव्हा कळायला हवं होतं. नाना विचारायला लागले. मागत नसत, फक्त विचारत, तेही आवाज साधा ठेवून, जणू जेवणाचं विचारतायत. "वेळ झाली का रे?" तो म्हणायचा, अजून नाही. नाना समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. आयुष्यभर आकडे वाचलेले डोळे ते, चुकायचे नाहीत. वेळ कधीच टळून गेलेली असायची, आणि तरी नाना मुलाचा शब्द धरून गप्प बसायचे. मग एके सकाळी त्याने सेल बदलायचा म्हणून ते घड्याळ काढलं आणि परत लावलं नाही. भिंतीवर गोल पांढरा डाग राहिला. नाना त्या डागाकडे बघून विचारायचे. तो म्हणायचा, अजून नाही. आणि इथे रस्त्यावर, फळांच्या गाड्याच्या बाजूने चालताना, त्याला जे आठवलं ते त्याने आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. अजून नाही म्हणताना त्याला बरं वाटायचं. ड्रॉवरची किल्ली त्याच्या खिशात होती. ज्या माणसाच्या खिशात घरातली प्रत्येक किल्ली असायची, ज्याच्या होकाराशिवाय त्याने साधा चष्म्याच्या दुकानाचा धंदासुद्धा सुरू केला नव्हता, ज्याला आवडली नाही म्हणून एक मुलगी त्याने सोडून दिली होती आणि मग लग्नच केलं नव्हतं, तो माणूस आता त्याला विचारत होता. त्यात भीती होती, प्रेम होतं, काकाचं भूत होतं, सगळं होतं. पण तळाशी, हातमोज्यांखाली लपवल्यासारखं, हेही होतं. त्याला गाड्यापाशी थांबावं लागलं. फळवाल्याने विचारलं काय देऊ, तर त्याने नुसती मान हलवली.

ताई दूरच्या शहरातून रोज संध्याकाळी फोन करायची. वेळेवर देतोस ना, असं विचारायची. देतो, तो म्हणायचा. सगळं आटोपल्यावर ती त्याच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, तू होतास म्हणून नाना सुखाने गेले. तेव्हापासून ती आठवड्यातून एकदा तरी कुणा ना कुणाला फोनवर हेच सांगते, आणि ते फिरून त्याच्या कानावर येतं. आता पोलिसांकडे खरं सांगायचं म्हणजे हॉस्पिटलात विचारणा होणार, मोजदाद होणार, ताईला कळणार. मामांना सोडवायचं तर नानांना काय केलं ते बाहेर येणार. एक हात सोडवायचा तर दुसरा अडकणार. आणि न सांगावं तर? तर काहीच नाही. फोनवर बोललेली दोन वाक्यं तशीच राहतील, मामांवर चोरीही येईल, बातमीतल्या चार ओळींसारखा एक माणूस कुठेतरी आत जाईल, आणि जग म्हणेल, हे सेवा करणारे असेच, घरात घेताना बघून घ्यायला हवं. तो स्वतःही चारचौघांत मान डोलवेल. हा विचार संपेपर्यंत पोलीस स्टेशन आलं होतं.

आत खोली लांबट होती, दोन बाक, एक मोठं टेबल. टेबलावर मामांची पिशवी उलटी केलेली होती. लंगोट, कापूस, पावडर, सगळा नानांचा संसार, आणि बाजूला कागदावर ती पाकिटं. शेजारी छोटा विजेचा काटा. काटा रिकामा होता तरी त्यावर शून्य नव्हतं, एक बारीक आकडा लुकलुकत होता. नानांनी काटा जागच्या जागी जप्त केला असता. हवालदाराने इन्स्पेक्टरांना सांगितलं, हे ते पिशवीवाले. मामा बाकावर बसले होते. पायात चपला नव्हत्या. त्याला बघून ते सवयीने उठले.

"आलात, बरं झालं," मामा म्हणाले. "सांगा यांना. सकाळपासून सांगतोय मी, तर ऐकतच नाहीत. आज नव्या पेशंटकडे पोचायचं होतं, आता ते दुसऱ्याला बोलावतील. धांदलीत गेलं असेल खोक्यात, होतं असं घरात माणूस गेल्यावर." आणि मग त्यांची नजर पाकिटांवर गेली आणि कपाळावर आठी पडली. "पण साहेब, या आल्या कुठून? तुम्ही तर संपल्या म्हणाला होतात."

इन्स्पेक्टरांनी मान वर केली. ते मध्यम वयाचे होते, नाकावर चष्मा, डावी काडी किंचित वाकलेली. त्यांनी त्याला समोर मामांच्याच बाकावर बसायला सांगितलं आणि विचारलं की काय म्हणणं आहे. मामांनी त्याला वाट आखून दिली होती. धांदल. एका शब्दात काम भागलं असतं. मामाही कदाचित सुटले असते, त्याच्यावरही फारसं आलं नसतं. इतका सोपा शब्द त्याला त्या माणसाने दिला होता, ज्याचं नाव त्याला सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. तो शब्द तोंडात आला. मग त्याने पाहिलं की मामा अजून त्याच्याकडेच बघतायत, उत्तराची वाट बघतायत. गोळ्यांचं नव्हे, संपल्याचं उत्तर.

"मीच घातल्या," तो म्हणाला. "हातमोज्यांच्या खाली, लपवून. यांना काही माहीत नव्हतं. फोनवर मी खोटं बोललो."

इन्स्पेक्टर लिहू लागले. वडिलांचं नाव, हॉस्पिटलचं नाव, गोळ्या कधी घेतल्या, पिशवी कधी दिली. तो सांगत गेला. खरं बोलताना हलकं वाटतं म्हणतात, त्याला तसं काही वाटलं नाही. मग त्यांनी विचारलं, हॉस्पिटलात परत का नाही केल्या.

"तिथे मोजून घेतात."

"मग?"

"मी वडिलांना कमी दिल्या होत्या. दुखत होतं, मागत होते, तरी दिल्या नाहीत. म्हणून उरल्या."

इन्स्पेक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "ते यात येत नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दया नव्हती आणि रागही नव्हता. त्याने म्हटलं, तरी लिहा. ते म्हणाले की कुठल्या कलमात बसवू? कोणाकडे होत्या, कोणी दिल्या, माहीत असून दिल्या का, वजन किती, एवढंच इथे लागतं. पुढे त्यांनी सांगितलं की मामांना आज लगेच सोडता येणार नाही, कोर्टासमोर उभं करावंच लागेल, पण या जबाबावर जामीन होईल, आणि बहुतेक पुढे केसमधून त्यांचं नावही काढलं जाईल. तुम्हाला मात्र आता थांबावं लागेल. तो बरं म्हणाला. कायद्याचं काम आवरलं होतं. त्याच्या खऱ्या गुन्ह्याला कलम नव्हतं, त्याला कुणी कोठडी देणार नव्हतं, जामीनही नाही. तो तसाच त्याच्याकडे राहणार होता, त्याच्याच ताब्यात.

आता मामा बोलले, इन्स्पेक्टरांशी नव्हे, त्याच्याशी, आणि आवाज अजिबात न चढवता.

"तुम्ही दुकानात गेलात की नाना मला विचारायचे. मामा, वेळ झाली का. मी सांगायचो, नाना, संपल्यात, मिळत नाहीयेत कुठे. तर म्हणायचे, असू दे. पोरगा फिरत असेल बिचारा गावभर माझ्यासाठी. म्हणायचे, तो आला की त्याच्यासमोर कण्हायचं नाही मला. तोंडात धरायला कापड द्या म्हणायचे. मी द्यायचो."

मामा एवढा वेळ त्याच्या शेजारी बसले होते. ते उठले, टेबलावरचा आपला कापसाचा गुंडा आणि पावडरचा डबा घेऊ का म्हणून हवालदाराला विचारलं, तो नाही म्हणाला, तेव्हा तसेच जाऊन पलीकडच्या बाकावर, त्याच्याकडे पाठ करून बसले. इन्स्पेक्टर उठून बाहेर गेले, आणि कुणीतरी सहीसाठी कागद पुढे केला. त्याने वाचला. अक्षर न् अक्षर बरोबर होतं, कुठे काही चुकलं नव्हतं, आणि नाना त्यात फक्त मयत म्हणून होते. त्याने सही केली. हवालदार म्हणाला, बसा इथे, साहेब परत येतील तेव्हा पुढचं बघू. वेळ लागेल का, असं विचारायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं. ते चालू होतं.